नावातला 'झोल'

आई चिंचवडहून बेंगळुरूत मारतहळ्ळीला आली की पहिले दोन दिवस औषधांची मांडामांड चालते. रिंग रोडचा आवाज, खालच्या पीजीतल्या पोरांची रात्रीची गाणी, या सगळ्याला ती सरावली आहे. पण गोळ्यांचा डबा नीट लागल्याशिवाय तिला इथं घरी आल्यासारखं वाटत नाही. या खेपेला तिनं जेवणाच्या टेबलावर सगळ्या पट्ट्या पसरल्या, चष्मा लावला आणि ब्रँडची ठळक नावं सोडून खालची बारीक अक्षरं वाचत बसली. ब्रँड तिकडच्या दुकानात एक आणि इकडच्या दुकानात दुसरा, तेव्हा बारीक अक्षरंच खरी, हे ती अनुभवानं शिकली आहे.

थोड्या वेळानं तिनं दोन पट्ट्या बाजूला काढल्या. एक तिची रोजची, ॲसिडिटीची: पॅन्टोप्राझोल. दुसरी नातवाची, जंताची: अल्बेंडाझोल.

"ही पित्ताची, ती जंताची. मग दोन्हींत झोल कसा गं?"

मला हसू आलं. मी जिथं काम करते त्या औषधांच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन-तीन मराठी मंडळी हाच विनोद कित्येक वर्षं करतोय. पण आई विनोद करत नव्हती. दोन अगदी वेगळ्या दुखण्यांवरच्या औषधांची शेपटं सारखी का, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरात औषधं कशी घडतात त्यातलं बरंच काही येतं.

गावावरून आडनाव, कामावरून आडनाव

सातारकर म्हटलं की गाव कळतं, कुलकर्णी म्हटलं की पूर्वजांचं काम कळतं. औषधांच्या शास्त्रीय नावांतही या दोन्ही तऱ्हा आहेत. जगभर एका औषधाला एकच नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना ही नावं ठरवते आणि एका कुळातल्या औषधांना सारखं शेपूट देते. 'सार्टन' हे कामावरून आलेलं आडनाव: रक्तवाहिन्या आवळायला सांगणारा शरीरातला एक निरोप ही औषधं मध्येच अडवतात. 'स्टॅटिन'सुद्धा तसंच, कोलेस्टेरॉल बनवणारा कारखाना मंदावणारं. 'अझोल' मात्र गावाचं नाव. यातल्या 'अझ'चा अर्थ नायट्रोजन आणि 'ओल'चा अर्थ पाच अणूंचं कडं. पाच जणांनी हात धरून गोल करावा तसे पाच अणू, आणि त्यांतला निदान एक नायट्रोजन.

आईच्या हातातल्या दोन्ही गोळ्यांत या पाच जणांच्या गोलाला सहा जणांचा एक गोल चिकटलेला असतो. चाळीतल्या दोन खोल्यांची मधली भिंत एकच असते, तशी. या जोडखोलीचं नाव बेन्झिमिडाझोल. अणू एकंदर नऊ: सात कार्बन, दोन नायट्रोजन. खोल्या त्याच, पण प्रत्येक बिऱ्हाडानं त्यांत मांडलेलं सामान वेगळं, आणि औषध कुठं जाऊन काय करणार हे त्या सामानावर ठरतं.

अल्बेंडाझोलचं सामान असं आहे की ते जंताच्या पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनाच्या विटा एकावर एक चढून पेशीच्या आत बारीक नळ्या उभ्या राहतात. वीट अडली की नळी वाढत नाही, जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. आपल्याही पेशींत अशा विटा आहेत, पण त्यांचा घाट थोडा निराळा असल्यानं औषधाची पकड तिथं सैल पडते. शिवाय गोळीतलं थोडंच औषध रक्तात उतरतं. बाकीचं आतड्यातच राहतं, आणि जंतही तिथंच असतात.

पॅन्टोप्राझोलची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. जोडखोलीला एक गंधकाचा अणू आणि त्यापलीकडे पिरिडीन नावाचं आणखी एक सहा अणूंचं कडं जोडलेलं असतं. आपण गोळी गिळतो तेव्हा ती जठरात थेट काहीच करत नाही. तिच्यावरचं आवरण आम्लात विरघळत नाही. ती आतड्यात उतरते, तिथं फुटते, औषध रक्तात शिरतं आणि रक्तावाटे मागच्या दारानं जठराच्या भिंतीत येतं. या भिंतीत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि पंपाच्या तोंडाशी शरीरातलं सर्वांत तीव्र आम्ल. पिरिडीनमधला नायट्रोजन तिथं आम्लाचा एक कण उचलतो, त्यावर विद्युतभार येतो आणि मग औषधाला परत जाता येत नाही. माजघरात शिरलेल्या पाहुण्याला इतकं सामान दिलं की तो दारातून बाहेरच पडू शकत नाही, असं काहीसं. अडकलेलं औषध आम्लानंच आपलं रूप बदलतं आणि पंपाला पक्कं जोडलं जातं. म्हणजे आम्ल आपल्याच हातानं आपला पंप बंद करतं.

म्हणूनच ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची: अन्न आलं की पंप सुरू होतात, आणि चालू पंपालाच हे औषध धरू शकतं. औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, पण जोडणी पक्की असल्यामुळे परिणाम दिवसभर टिकतो. ही गोळी फोडायचीही नाही. आईनं वर्षभर ती सुरीनं अर्धी करून घेतली होती, "मोठी वाटते म्हणून". आवरण गेलेली गोळी जठरातच बिघडते. आईच्या वाट्याला त्या वर्षात किती औषध आलं असेल देव जाणे.

मिऱ्याचं कडं

बेन्झिमिडाझोल हे एक कडं झालं. औषधांच्या दुनियेत अशी नेहमीची मंडळी आणखी आहेत. १९९६ साली बेमिस आणि मर्को या दोन अमेरिकन संशोधकांनी ५,१२० औषधांची वरची सगळी पिसं-पानं उतरवून नुसते सांगाडे मोजले. निम्म्या औषधांचे आकार अवघ्या ३२ सांगाड्यांत बसले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मंजूर औषधांची अशीच एक मोजणी झाली: लहान रेणूंच्या औषधांपैकी ५९ टक्क्यांत नायट्रोजन असलेलं कडं होतं. पहिला नंबर पायपरिडीनचा, दुसरा पिरिडीनचा, तिसरा पायपरेझिनचा.

पायपरिडीन म्हणजे सहा अणूंचं कडं, त्यात पाच कार्बन आणि एक नायट्रोजन. हे नाव आलं मिऱ्यावरून. मिऱ्याचा तिखटपणा ज्या पदार्थात असतो तो पायपरिन १८१९ मध्ये अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं वेगळा काढला. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे पुढच्या वर्षी दाखवणारा अर्स्टेड तो हाच. पुढे पायपरिन फोडल्यावर जो तुकडा हाती आला तो पायपरिडीन. आणि 'पायपर' हा लॅटिन शब्द ग्रीकमधून मागे मागे जात आपल्या पिप्पलीपाशी, म्हणजे पिंपळीपाशी येतो. जगातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या तोंडी असलेला हा शब्द मुळात आजीच्या बटव्यातला आहे.

पायपरेझिन त्याचं भावंड: कडं तेच, पण समोरासमोर दोन नायट्रोजन. एकेकाळी लहान मुलांना जंतावर जे गोड सिरप देत त्यात नुसतं पायपरेझिन असायचं. आज ते सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये आहे, शिंका थांबवणाऱ्या सेट्रिझिनमध्ये आहे, रक्ताच्या एका कर्करोगावरच्या इमॅटिनिबमध्ये आहे.

कडंच का, आणि तीच तीच का?

सुईत दोरा ओवताना आपण टोक ओलं करून त्याला पीळ देतो. लोंबता दोरा नेढ्यात जात नाही, ताठ टोक जातं. शरीरातल्या प्रथिनांना खळगे असतात. औषध त्या खळग्यात जाऊन बसायला हवं. लांब सुटी साखळी असलेला रेणू हजार आकारांत वळवळत राहतो आणि त्यातला एखादाच खळग्याला जुळतो. कडं आपला आकार धरून असतं. पीळ आधीच दिलेला.

नायट्रोजनचं काम दुसरं. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, आणि खळग्याच्या भिंतीवर अशा जोडीकडे ओढले जाणारे हायड्रोजन असतात. टिचबटणासारखं: दाबलं की बसलं, ओढलं की निघालं. याच नायट्रोजनमुळे एरवी तेलकट असलेला रेणू पाण्यातही थोडा विरघळतो. औषधाला दोन्ही जमावं लागतं, कारण आतड्याची भिंत तेलकट आणि रक्त पाणीदार. पायपरेझिनमध्ये तर समोरासमोर दोन बटणं; डावीकडे एक तुकडा, उजवीकडे दुसरा, आणि मध्ये हा दुवा.

तिसरं कारण शरीराच्या बाजूनं येतं. आपली प्रथिनं एकमेकांची नातेवाईक आहेत. एकाच पूर्वजाच्या नकला होत होत त्यांची कुटुंबं बनली, त्यामुळे खळग्यांचे घाटही मिळतेजुळते. निसर्ग स्वतःसुद्धा ही कडी वापरतो. डीएनएची अक्षरं नायट्रोजनच्या कड्यांचीच आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या पोटात तर आईच्या गोळ्यांतली तीच बेन्झिमिडाझोलची जोडखोली सापडते.

एकच सांगाडा निरनिराळ्या खळग्यांत बसतो, हे नीट मांडलं मर्क कंपनीच्या बेन एव्हान्स यांच्या गटानं, १९८८ मध्ये. त्यांच्यापुढे उदाहरण होतं बेन्झोडायझेपिनचं. रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५७ मध्ये जुन्या बाटल्यांची आवराआवर चालू असताना लिओ स्टर्नबाख यांच्या हाताखालच्या सहकाऱ्याला एक न तपासलेला पदार्थ दिसला. टाकून देण्याऐवजी तपासायला पाठवला, आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम आलं. मेंदू शांत करणारा हाच सांगाडा थोडं सामान बदलून पचनसंस्थेतल्या एका संप्रेरकाचा निरोपही अडवतो, असं एव्हान्स यांच्या गटाला दिसलं. अशा सांगाड्यांना त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो मानकरी सांगाडे.

आता चौथं कारण, जे पाठ्यपुस्तकात जरा दबक्या आवाजात येतं. आमच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडा. वरच्या खणात पायपरेझिनच्या बाटल्या, एका बाजूचा नायट्रोजन झाकून ठेवलेल्या, म्हणजे जोडणी नेमकी दुसऱ्याच बाजूनं व्हावी. त्याखाली पायपरिडीनचे पंधरा-वीस प्रकार. पिरिडीनची बाटली वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, कारण तिला कुजक्या माशासारखा वास येतो आणि तो केसांत बसतो. सकाळी काम सुरू करताना रसायनज्ञ आधी बघतो ते कपाटात काय आहे. जे मागवल्यावर दोन दिवसांत येतं, ज्याची जोडणी नक्की होते, संध्याकाळपर्यंत ज्याचा टीएलसीवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या पट्टीवर, स्वच्छ ठिपका दिसतो, तेच आधी केलं जातं. बेंगळुरूत असे तयार तुकडे बनवून जगभर विकणं आणि दुसऱ्यांसाठी रेणू जोडून देणं हा स्वतंत्र धंदा आहे. बोम्मसंद्र्याची सिंजीन १९९३ पासून त्यात आहे. माझं मत विचाराल तर कड्यांच्या या मानमरातबाचं निम्मं श्रेय निसर्गाचं आणि निम्मं कपाटाचं. गावात ज्या रस्त्यावरून जास्त वर्दळ, त्याच रस्त्यावर जास्त दुकानं.

चौकट: पट्टीवरची काही शेपटं
प्राझोल: जठरातलं आम्ल कमी करणारी
बेंडाझोल: जंतांवरची
कोनाझोल: बुरशीवरची, जसं फ्लुकोनाझोल
निडाझोल: आव वगैरेंवरची, जसं मेट्रोनिडाझोल
सिलिन: पेनिसिलीनच्या घराण्यातली
फ्लॉक्सासिन: सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली जंतुनाशकं
शेपूट सारखं म्हणून एका गोळीऐवजी दुसरी घ्यायची नाही. मात्र एका 'सिलिन'ची ॲलर्जी असेल तर दुसरं 'सिलिन' लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ती जरूर सांगायची.

पिंपरीचं एच. ए. आणि मारतहळ्ळीचं एच. ए. एल.

मारतहळ्ळीत रिक्षावाल्याला 'एच. ए. एल.' म्हटलं की तो विमानांच्या कारखान्याकडे नेतो. आईला हे अजून पटत नाही. तिच्या लेखी एच. ए. म्हणजे पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आमच्या आळीतली कितीतरी बिऱ्हाडं तिथल्या पगारावर उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना. पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

पेनिसिलीनचा जीव एका चौकोनी कड्यात आहे: तीन कार्बन, एक नायट्रोजन. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी त्याचा आकार नक्की केला. चार अणूंना असं कोंबून बसवलं की कडं ताणलेलं राहतं, मुरगळून धरलेल्या स्प्रिंगसारखं. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला, म्हणजे एका विकराला, हा रेणू आपल्या नेहमीच्या विटेसारखा दिसतो. तो धरायला जातो, स्प्रिंग सुटते, कडं उघडतं आणि गवंड्याच्या हातालाच चिकटतं. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. त्याचा हात अडकला की भिंत अर्धी राहते आणि जिवाणू फुटतो.

पण खरी गंमत पुढे आहे. १९५९ मध्ये ब्रिटनच्या बीचम कंपनीतल्या संशोधकांनी पेनिसिलीनचं शेपूट नसलेलं नुसतं धड वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याचं छोटं नाव सिक्स-एपीए. मळून ठेवलेली कणीकच म्हणा: तिची पोळी लाटा, पुरी लाटा, सारण भरा. वेगळं शेपूट लावून १९६१ मध्ये ॲम्पिसिलीन आलं, जे पोटातून घेता येतं आणि जास्त जातींच्या जिवाणूंवर चालतं. १९७२ मध्ये अमॉक्सिसिलीन. दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजनचा. आज बुरशीकडून साधं पेनिसिलीन करवून घेतात आणि एका विकरानं त्याचं शेपूट कापून ही कणीक काढतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या कापणाऱ्या विकरांवर अनेक वर्षं काम झालं आहे.

प्लेगपासून मधुमेहापर्यंत

आईच्या डब्यात ग्लिमेपिराइड आहे, साखरेची गोळी. तिची वंशावळ मागे शोधत गेलं तर आपण प्लेगपाशी पोचतो.

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये एका लाल रंगाचा जंतूंवरचा गुण जाहीर केला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कळलं की रंगाचा काही संबंध नाही. शरीरात तो तुटतो आणि बिनरंगाचा एक तुकडा काम करतो. गंधक, ऑक्सिजन आणि नायट्रोजनची एक छोटी गाठ असलेला हा तुकडा म्हणजे सल्फा. जिवाणूला फॉलिक आम्ल बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालाची ही हुबेहूब नक्कल; खोटा माल भरला की कारखाना बंद. या सल्फाला पाच अणूंचं थायाझोल नावाचं कडं जोडलं की सल्फाथायाझोल होतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेत साहेबसिंग सोखी संचालक असताना, १९४० च्या सुमारास, सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी अशी औषधं प्लेगवर तपासली आणि त्यांचा उपयोग दाखवला. दीक्षित पुढे दिल्लीच्या 'एम्स'चे पहिले संचालक झाले.

आणि मग फ्रान्समधल्या माँपेलिए गावी, १९४२ मध्ये, टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा दिलं तेव्हा त्यांची साखर धोकादायक खाली गेली. ऑगुस्त लुबातिएर यांनी कारण शोधलं: हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत होतं. एका आजारातला अपाय दुसऱ्या आजारात उपाय ठरला. तिथून सुरू झालेली ओळ ग्लिमेपिराइडपर्यंत येते, आणि सल्फाची ती गाठ त्यात अजून आहे.

मानकऱ्याचा उपद्रव

जे कडं अनेक खळग्यांत बसतं ते नको त्या खळग्यातही बसतं. टरफेनाडीन हे पायपरिडीन असलेलं ॲलर्जीचं औषध. झोप येत नाही म्हणून १९८०च्या दशकात त्याचं मोठं कौतुक झालं. काही प्रतिजैविकांबरोबर घेतलं की यकृताला ते फोडता येईना, रक्तात साचे, आणि हृदयाचे ठोके लयीत ठेवणारी एक वाट बुजवी. काही जण दगावले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. त्याची जागा घेतली फेक्सोफेनाडीननं. हे नवं औषध म्हणजे यकृत टरफेनाडीनला फोडून जे बनवतं तेच! शेवटाला एक आम्लगट लागल्यामुळे ते हृदयाची ती वाट धरत नाही. पायपरेझिनच्या बाबतीत हायड्रॉक्सिझिन खाऊन माणूस पेंगतो, आणि त्याला आम्लगट लागून झालेलं सेट्रिझिन मेंदूच्या दारावर बरंचसं अडतं, म्हणून झोप कमी. कडं तेच, शेपूट बदललं.

उलट दिशेनं, कडं बदलून जमवलेल्या एका औषधाचा पुढचा टप्पा महाराष्ट्रातच घडला. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये जिथं पायपरेझिन असतं, साधारण तिथं जपानच्या नॅडिफ्लॉक्सासिनमध्ये पायपरिडीन आहे. हे मुरुमांवरचं मलम. हात जसे डावा-उजवा तसे या रेणूचे दोन आरशातले प्रकार असतात. औरंगाबादेतल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, वोक्हार्टच्या संशोधकांनी त्यांतला जास्त गुणकारी एकच निवडला, आर्जिनिनचा क्षार करून त्याला इंजेक्शनातून देण्याजोगा केला आणि गोळीतूनही देता येईल असं रूप काढलं. त्वचेच्या गंभीर संसर्गावर, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या 'स्टॅफ' जिवाणूंवरही चालणारं हे लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन २०२० मध्ये भारतात मंजूर झालं. मलमाच्या ट्यूबमधून सलाइनच्या बाटलीपर्यंतचा प्रवास.

हे सगळं आईला एका बैठकीत सांगितलं नाही. चार दिवस, भाजी निवडताना वगैरे. पाचव्या दिवशी तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. एका खणात पॅन्टोप्राझोल, नातवाची गोळी सोबत; दुसऱ्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टन, एकटी.

"हिच्यात काही झोल नाही. ही कामाच्या आडनावाची."

"आडनाव कामाचंच आहे. पण बेन्झिमिडाझोलची जोडखोली हिच्यात एक नाही, दोन आहेत. एकाला एक लागून."

आईनं पट्टी डोळ्यांजवळ धरून नाव पुन्हा वाचलं. "म्हणजे कुलकर्णीच, पण राहणार साताऱ्याचे," ती म्हणाली आणि टेल्मिसार्टन उचलून पॅन्टोप्राझोलच्या खणात ठेवली. मी ती परत तिच्या जागी ठेवली, कारण एक उपाशीपोटी घ्यायची असते आणि दुसरी तिच्या डॉक्टरांनी रात्रीची सांगितली आहे.